तीन आठवड्यांची सेवा आणि लेकरांची भाषा

गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाकडे एक पत्र आले. पत्र लिहिणारी मुलगी आपल्याच वसतिगृहात पाचवीपासून दहावीपर्यंत राहिलेली, पुढे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन पुण्यात एका संगणक कंपनीत नोकरीस लागलेली. दोन वर्षांपासून ती सायंकाळच्या वर्गात स्पॅनिश शिकते आहे. तिला मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला या देशात तीन आठवड्यांसाठी जायचे आहे. सकाळी चार तास स्पॅनिशचे धडे, दुपारी बालवाडीतील मुलांबरोबर स्वयंसेवा आणि मुक्काम एका स्थानिक कुटुंबाकडे, असा तो बेत आहे. लहान मुलांमध्ये काम करण्यास ती योग्य असल्याचे शिफारसपत्र तिला शाळेकडून हवे होते. मंडळाचा चिटणीस या नात्याने ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

मला आनंद झाला, हे प्रथम नमूद करतो. जिच्या आईने लोकांच्या शेतावर भांगलण करून तिच्या वह्यांचे पैसे जमवले, ती मुलगी आता स्वतःच्या पगारातून सातासमुद्रापलीकडच्या लेकरांसाठी काही करू पाहते. आजवर आपल्या संस्थेकडे परदेशातून माणसे आली. आता आपल्याकडून माणूस निघाला आहे. तरीही कागद पुढे ओढून बसलो आणि लेखणी अडली. ती का अडली, हे माजी विद्यार्थ्यांपुढे आणि विशेषतः पालकांपुढे मांडावे, यासाठी स्मरणिकेतील ही पाने मी मागून घेतली आहेत.

मी सहावीत असताना एक युरोपीय तरुण आपल्या वसतिगृहात पाच आठवडे राहून गेला. उमदा माणूस. सकाळच्या वंदनेला आमच्याबरोबर मांडी घालून बसे, पंगतीत आमटी-भात खाई, संध्याकाळी आमच्याबरोबर लंगडी खेळे. त्याच्या खिशात लाल पुठ्ठ्याची एक वही असे. बादलीला काय म्हणतात, चिखलाला काय म्हणतात, हे तो आम्हांला विचारी आणि टिपून घेई. एकदा त्याने 'काल कुठं गेलतास?' हे वाक्य आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतले आणि आपल्या लिपीत जपून लिहिले. वर्गात आम्ही 'गेलतो' म्हणालो की हशा पिकत असे. 'गेलो होतो' असे म्हणेपर्यंत उभे राहावे लागे. तेच 'गेलतो' एक शिकलेला माणूस वहीत उतरवून घेत होता. आपली बोली कोणी लिहून घ्यावी अशी असते, हे मला आयुष्यात प्रथम तेव्हा कळले. मी पुढे मराठीचा प्राध्यापक झालो, त्याच्या मुळाशी ती लाल वहीही आहे. त्या माणसाचे हे ऋण मी नाकारत नाही.

पण त्याच वेळी वसतिगृहात दुसरीतला एक मुलगा होता. त्याला आई नव्हती, वडील मुंबईस मजुरीला. तो या पाहुण्याचे बोट सोडत नसे. जेवताना शेजारी, खेळताना पाठीवर, झोपताना त्याच्या खोलीच्या दाराशी. सहाव्या सोमवारी पाहुणा गेला. मुलाला कोणी काही सांगितले नव्हते. सांगितले असते तरी पाच आठवडे म्हणजे किती, हे त्या वयात त्याला उमगले नसते. पुढे पंधरा दिवस तो दिवेलागणीला फाटकाशी जाऊन उभा राही. स्वयंपाकघरातील मावशी त्याच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवून त्याला आत आणत. दुसऱ्या वर्षी वेगळे पाहुणे आले, तेव्हा तो सर्वांच्या आधी धावला, त्यांचे बोट धरून उभा राहिला, हसला; आणि ते गेले त्या दिवशी मात्र मान वर न करता गोट्या खेळत राहिला. आम्हा मोठ्या मुलांना वाटले, पोरगा शहाणा झाला.

तो शहाणा झाला नव्हता, हे समजायला मला अर्धे आयुष्य लागले. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात आईपासून दुरावलेल्या आणि संस्थांमध्ये वाढणाऱ्या मुलांचा विचार केला आहे. लहान मुलाला एका टिकाऊ, जिव्हाळ्याच्या माणसाची गरज अन्नाइतकीच असते आणि सांभाळणारी माणसे वारंवार बदलत राहिली तर मुलाची जीव लावण्याची शक्तीच दुखावते, हे त्याचे प्रतिपादन. ज्याला आम्ही शहाणपण म्हणत होतो, तो त्या दुखापतीवर धरलेला कोंब होता.

आता ही मुलगी निघाली आहे त्या देशाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना ग्वातेमालाचे नाव ऐकून माहीत असेल इतकेच. मेक्सिकोच्या दक्षिणेला असलेल्या या डोंगराळ देशात छत्तीस वर्षे यादवी चालली. १९९६ च्या डिसेंबरात शांतता करार झाला, तोवर दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली, असा सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. बळींमध्ये बहुसंख्य माया आदिवासी होते. त्याच देशातील अँतिग्वा आणि केत्साल्तेनांगो ही शहरे आज स्वस्तात स्पॅनिश शिकण्यासाठी जगभर प्रसिद्ध आहेत. एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, सकाळभर संभाषण, आणि दुपारी एखाद्या पाळणाघरात किंवा बालवाडीत स्वयंसेवा, ही तेथील रुळलेली रीत. मुलांबरोबर राहिले की भाषा लवकर येते, असे सांगितले जाते आणि ते खरेच आहे. लहान मूल चूक ऐकून हसते, न कंटाळता पुन्हा सांगते, शब्द विसरलात तर वस्तूच आणून हातात ठेवते. असा शिक्षक पैसे मोजूनही मिळत नाही. स्पॅनिशमध्येही आपल्यासारखी तू-तुम्हीची उतरंड आहे, आणि गंमत म्हणजे तेथील 'तू' हा 'तू'च आहे. ग्वातेमालात तर 'वोस', 'तू' आणि 'उस्तेद' अशा तीन पायऱ्या. कोणाला काय म्हणावे, हे पुस्तकापेक्षा पोरांच्या हसण्यावरून लवकर समजते.

परंतु येथे एक गोष्ट नजरेआड होते. त्या बालवाडीतील पुष्कळ लेकरांची घरची भाषा स्पॅनिश नाहीच. केत्साल्तेनांगोच्या परिसरात किचे, अँतिग्वाच्या भोवतालच्या गावांत काक्चिकेल, अशा २२ माया भाषा त्या देशात नांदतात आणि २००३ च्या कायद्याने त्यांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा मिळालेला आहे. १९९२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या रिगोबेर्ता मेंचू या किचे समाजातील. स्पॅनिश ही त्यांची घरची भाषा नव्हे. म्हणजे ज्या बालकाकडून आपली मुलगी स्पॅनिश शिकणार, ते बालकही ती भाषा शाळेच्या उंबरठ्यावर, भीतभीत शिकत असण्याचा संभव आहे. 'गेलतो' म्हणून उभे राहावे लागलेल्या आपल्या मुलांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. त्या लेकरापुढे स्पॅनिश बोलणारा पाहुणा कोणत्या बाजूचा ठरतो, याचा विचार निघण्यापूर्वी व्हायला हवा.

परक्या मुलखात जाऊन मुलांची सेवा करू नये, असे माझे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. उलट ती कशी करावी याचा वस्तुपाठ कोल्हापूरपासून फार दूर नाही. सातारा जिल्ह्यातील फलटणला मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषीने काय केले, ते आपल्या शिक्षकांनी आणि परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने अभ्यासावे. त्या १९६० च्या दशकात भारतात आल्या, मराठी शिकल्या आणि फलटणच्या बोलीवर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला. एकाच गावात जातीजातींत, शिकलेल्यांत आणि न शिकलेल्यांत बोलणे कसे वेगळे होते, हा त्यांचा विषय. म्हणजे कोणाला शिकवण्यापूर्वी त्यांनी वर्षानुवर्षे गावाचे बोलणे कानांत साठवले. जाई निंबकर यांच्यासमवेत त्यांनी परकीयांसाठी मराठीचे व्याकरण आणि पाठ्यपुस्तके तयार केली. शाळेत मागे पडलेल्या गरीब वस्त्यांतील मुलांना वाचायला शिकवणे त्यांनी हाती घेतले ते या सगळ्यानंतर. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. त्यांनी भारताचे नागरिकत्वही घेतले.

ज्यांचे नाव त्या शाळेला आहे, त्या कमलाबाई निंबकर याही जन्माने अमेरिकन, मूळच्या एलिझाबेथ लंडी. विवाहानंतर १९३० साली त्या भारतात आल्या आणि पुढे मुंबईत त्यांनी व्यवसायोपचाराचे देशातील पहिले विद्यालय काढले.

कोणी म्हणेल, सगळ्यांनी आयुष्य वाहून टाकावे काय? तशी अपेक्षा कोणाकडूनही करता येणार नाही. मला येथे क्रमाकडे लक्ष वेधायचे आहे. आधी मुक्काम, मग भाषा, त्यानंतर मूल. ताराबाई मोडकांचे उदाहरण घ्या. मराठी घरातील ही बाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर गुजराती मुलांत काम करत होती, गुजरातीत लिहीत होती. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभे केले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज खेडोपाडी रुळलेला 'अंगणवाडी' हा शब्द त्या प्रयोगाची देणगी आहे. दुसऱ्याच्या अंगणात बसायचे तर अंगणाची भाषा यावी लागते.

जाता जाता आपल्या गावची एक नोंद. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरास आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली येथेच, कोल्हापुरात जन्मला, आणि १८८६ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांची जी 'स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट' सुरू झाली तिच्या प्रवर्तकांत तो अग्रभागी होता. परदेशी निघालेल्या तरुण स्वयंसेवकांच्या त्या लाटेचा एक उगम असा पंचगंगेकाठी आहे. त्या मंडळींचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि त्याविषयी आपले मत वेगळे असणे स्वाभाविक आहे. मात्र येणारा मिशनरी आधी पंडिताजवळ बसून मराठी शिके, परीक्षा देई, आणि वर्षांच्या हिशोबाने राहण्याच्या तयारीने येई. तीन आठवड्यांची कल्पना त्यांना हास्यास्पद वाटली असती.

आपण धम्माच्या वाटेने चालणारी माणसे आहोत, म्हणून या प्रश्नाकडे शीलाच्या बाजूनेही पाहू. दुसरे शील आपण रोज म्हणतो. न दिलेले न घेण्याचा तो संकल्प आहे. चोरी न करणे एवढाच त्याचा अर्थ आपण मुलांना सांगतो. लहान मुलाचा लळा, त्याचे छायाचित्र, त्याची संध्याकाळ, त्याने शिकवलेले शब्द हे सर्व पाहुणा बरोबर घेऊन जातो. मुलाने ते दिले, असे आपण समजतो. पण परत न येणाऱ्या माणसाला आपण काय देतो आहोत, हे ज्याला ठाऊक नाही त्याचे देणे, देणे ठरते काय? मला तसे वाटत नाही. आणि भाषेच्या बाबतीत तथागतांनी घालून दिलेला दंडक विनयपिटकातील चुल्लवग्गात आहेच. ब्राह्मण कुळातील दोन भिक्खू बंधूंनी बुद्धवचन छंदोबद्ध अभिजात भाषेत बसवावे असे सुचवले, तेव्हा भगवंतांनी ते नाकारले आणि आपापल्या भाषेत ते शिकण्यास अनुज्ञा दिली. ऐकणाऱ्याच्या भाषेचा मान राखावा, असा त्या प्रसंगाचा अर्थ मी घेतो.

शिफारसपत्र बाजूला ठेवून मी जेव्हा हा विचार करू लागलो, तेव्हा तो फिरून आपल्याच फाटकाशी येऊन थांबला. आपल्या वसतिगृहात आजही पाहुणे येतात. कोणी दोन आठवडे, कोणी महिनाभर. ते पहिली-दुसरीच्या मुलांत रमतात, कारण मोठी मुले लाजतात आणि लहान मुले गळ्यात पडतात. जगात या बाबतीत डोळे उघडू लागले आहेत. नेपाळ, कंबोडिया येथील अनेक अनाथाश्रमांत ज्यांचे आई किंवा वडील हयात आहेत अशीच मुले बहुसंख्येने आढळली. पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुले घरांतून आणली जात. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ च्या आधुनिक गुलामगिरीवरील अहवालात याचा स्वतंत्र विचार केला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही डिसेंबर २०१९ च्या ठरावात अनाथाश्रमांतील अशा स्वयंसेवेच्या धोक्यांकडे लक्ष वेधले. आपली शाळा अनाथाश्रम नव्हे. आपली मुले शिक्षणासाठी, पालकांच्या इच्छेने येथे राहतात. तरी दुसरीतल्या मुलाचे मन या दोहोंत फरक करत नाही.

वसतिगृह ही आपल्या समाजाची किती मोलाची ठेव आहे, हे कोल्हापूरकरांस सांगणे नको. राजर्षी शाहू महाराजांनी जातीजातींसाठी वसतिगृहे उभी केली; त्यांत १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी जे निघाले त्यास मिस क्लार्क हे नाव दिले गेले. त्या मुंबईच्या तत्कालीन गव्हर्नरांच्या कन्या. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरास वसतिगृह काढले. या वसतिगृहांत पहाटे उठून चूल पेटवणाऱ्यांची, तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसणाऱ्यांची नावे मात्र कोणत्या कमानीवर मी पाहिलेली नाहीत. आपल्याकडेही भिंतीवरील तसबिरींत पाहुणे आहेत. फाटकाशी उभ्या राहिलेल्या मुलाला आत आणणाऱ्या मावशी एकाही तसबिरीत नाहीत. एकतीस वर्षे त्या येथे होत्या.

म्हणून संस्थेच्या कार्यकारिणीपुढे मी एक प्रस्ताव ठेवला आहे. चौथीपर्यंतच्या मुलांमध्ये काम करू इच्छिणाऱ्या स्वयंसेवकाने, तो देशी असो वा परदेशी, किमान एक शैक्षणिक वर्ष राहावे. पहिले तीन महिने त्याने मराठी शिकावी; ती स्वयंपाकघरात, भाजी निवडताना, मावशींकडून शिकावी आणि त्याबद्दल मावशींना शिक्षकाचे मानधन मिळावे. त्याने शिक्षकांना साहाय्य करावे, त्यांची जागा घेऊ नये. मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीविना काढू नयेत. ज्यांना तेवढा वेळ नाही, त्यांचे स्वागतच आहे. त्यांनी ग्रंथालयाची पुस्तके लावावीत, विजेची कामे करावीत, नववी-दहावीच्या मुलांशी इंग्रजीत वाद घालावेत. ही मुले पाहुण्याला पाहुणा म्हणून ओळखतात.

यावर आलेले आक्षेप मी दडवत नाही. देणगीदार नाराज होतील, हा पहिला. शक्य आहे. पण ज्या देणगीसाठी पहिलीतल्या मुलाच्या मांडीवर बसण्याची अट लागते, तिचा हिशोब आपण एकदा मांडावा. दुसरा आक्षेप शिक्षकांचा: पाहुणे आले की मुलांची इंग्रजीची भीड चेपते. हे मान्य. म्हणूनच मोठ्या मुलांसाठी दार उघडे ठेवले आहे. तिसरा आक्षेप मात्र मला निरुत्तर करून गेला, आणि तो त्या मुलीचाच होता.

शिफारसपत्राऐवजी मी तिला हे सगळे विचार पत्राने कळवले होते. तिचे उत्तर आठ दिवसांनी आले. "सर, जय भीम. तुमचे पत्र दोनदा वाचले. इतकी वर्षे आपल्याकडे गोरी मुले येत होती, तेव्हा त्यांना हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. माझी पाळी आली आणि नियम सुचले?" या वाक्यांत राग होता आणि तो रास्त होता. पाहुण्यांच्या पंगतीत आपण नेहमी वाढपी राहिलो. प्रथमच आपल्यातील एक जण पाटावर बसायला निघाली, तर मी तिला हात धुतलेस का, असे विचारत होतो. मी तिला लिहिले की हे प्रश्न त्यांना विचारायला हवे होते, ते विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही, आणि त्याची किंमत दुसरीतल्या एका मुलाने मोजली. त्या मुलाची हकिकत मी तिला त्या पत्रात प्रथमच सांगितली.

त्यानंतर महिनाभर तिच्याकडून काही आले नाही. मग दिवाळीत ती घरी आली तेव्हा भेटून गेली. तिने कंपनीकडे सहा महिन्यांची बिनपगारी रजा मागितली आहे. ग्वातेमालातील त्या शाळेला तिने कळवले आहे की पहिले दोन महिने ती फक्त भाषा शिकेल, मुलांकडे त्यानंतर जाईल. आणि किचेचे चार शब्द शिकवणारे कोणी मिळेल का, अशी विचारणाही केली आहे. उत्तर आलेले नाही. रजाही अद्याप मंजूर नाही, आणि सहा महिन्यांच्या खर्चासाठी तिच्या आईने काय विकायचे ठरवले आहे हे तिने मला सांगितले, ते मी येथे लिहीत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना हातभार लावावासा वाटेल, त्यांनी मंडळाशी संपर्क साधावा.

शिफारसपत्र मी तिच्या देखत लिहिले. कार्यकारिणीच्या पुढील सभेत वरील प्रस्ताव चर्चेस येईल. पालकांनी आपले मत लेखी कळवावे. लिहिता येत नसेल त्यांनी रविवारी भेटीच्या दिवशी अधीक्षकांना तोंडी सांगावे, ते नोंदवून घेतले जाईल.